गोधडी शिवून उरलेल्या कापडाच्या तुकड्यांच्या दोन पिशव्या साठल्यात, ते टाकवत नाहीत आणि वापरलेही जात नाहीत, काय करावं? उशीत भरता येतील का?

तुमच्याकडे दोन पिशव्या साठल्यात म्हणताय, माझ्याकडे पाच होत्या. मला कळायला बरीच वर्षं गेली की तुकडे पडून राहतात ते आयडिया सुचत नाही म्हणून नाही, ते चुरगळलेले, दोरे लोंबणारे, एकमेकांत अडकलेले असतात म्हणून. शिवायला बसल्यावर आधी अर्धा तास शोधाशोध आणि इस्त्री कोण करत बसणार, त्यापेक्षा माणूस सरळ नवीन कापडाला कात्री लावतो.

म्हणून आता गोधडीचं कटिंग झालं की त्याच दिवशी, इस्त्री गरम आहे तोवर, उरलेलं सगळं मापात कापून टाकते. मापं तीनच, ५ इंची चौकोन, अडीच इंची चौकोन आणि दीड इंच रुंद पट्ट्या, लांबी निघेल ती. अडीचचा चौकोन दोन्हीकडून पाव पाव इंच शिवणीत गेला की २ इंच उरतो, हिशोब तोंडी होतो, आणि अडीचचे कमी पडले तर ५ च्या एकातून चार निघतात. रंगाप्रमाणे लावायच्या भानगडीत पडू नका, मी पडले होते, डबे फार सुंदर दिसायचे आणि तसेच पडून राहिले.

कापडाचा प्रकार मात्र वेगळा ठेवा हं. माझ्या एका गोधडीत सुती समजून सिंथेटिक तुकडा गेला, सगळं जोडून झाल्यावर कडक इस्त्री फिरवली आणि तो आकसून इस्त्रीलाच चिकटला, आजूबाजूचे चार तुकडे उसवावे लागले. शंका आली तर दोन दोरे ओढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा (सिंकवर!), सुती कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते.

आता वापरायचं कसं. अडीच इंची चौकोनांचा डबा मी मशीनला लागूनच ठेवते. दुसरं काहीही शिवत असले तरी एक शिवण संपली की दोरा कापत नाही, त्याच्यामागे दोन चौकोन एकावर एक ठेवून सरकवते, ते शिवते आणि मग मागचं काम कापून हातात घेते. पुढची शिवण त्या चौकोनांना लागूनच सुरू होते, त्यामुळे सुरुवातीला खाली दोऱ्याचं जे जाळं होतं ते होत नाही आणि जोड्या आपोआप साठत जातात, वेगळा वेळ द्यावाच लागत नाही. खरं सांगू का, माझी अख्खी एक गोधडी अशी दुसऱ्या कामांच्या मधेमधे झालीय.

वेडेवाकडे, मापात न बसणारे तुकडे असतील तर जुन्या पातळ चादरीचा ७ इंची चौकोन घ्या. मधोमध एक तुकडा सुलट ठेवा, त्यावर दुसरा उलटा, एका कडेने शिवा, वरचा तुकडा उलगडून सपाट करा, इस्त्री फिरवा, मग पुढचा. चादर झाकली गेली की कडा कापून साडेसहाचा चौकोन करायचा. जाड कापड नको, शिवणीवर शिवण येऊन आधीच जाड होतं, सुई हाताने जाता जात नाही, म्हणून अशा गोधडीला मी धावदोऱ्याच्या बारीक ओळी घालतच नाही, मधेमधे जाड दोऱ्याची गाठ मारते.

गोधडीच्या आत जो कापसाचा थर घालतो त्याच्या उरलेल्या पट्ट्याही फेकू नका, कडेला कड लावून मशीनवर झिगझॅग मारा. एकावर एक चढवून नाही, नाहीतर तिथे उंचवटा हाताला लागतो.

उशीत भरायचं विचारलंत तर भरता येतं, पण अगदी बारीक कातरून भरा, मोठ्या चिंध्यांचे गोळे होतात आणि उशी दगडासारखी जड होते. मी एकच भरली, ती आता दाराला टेकवायला वापरते.