उंचावरच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उड्डाण करणाऱ्यास

कोलोरॅडोतील लेडव्हिलची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ९,९३४ फुटांवर आहे. तिथे पारा २५ अंशांवर गेला, म्हणजे त्या उंचीच्या प्रमाण (विमानशास्त्रात गृहीत धरलेल्या सरासरी) तापमानापेक्षा सुमारे ३० अंशांनी वाढला, तर अंशामागे १२० फुटांच्या हिशेबाने तुमच्या विमानाला हवा साधारण १३,५०० फुटांवरच्याइतकी विरळ भासते. सेसना १७२ एस या छोट्या विमानाची कमाल उपयुक्त उंचीच (जिच्यावर ते जेमतेमच चढू शकते) १४,००० फूट आहे, हे ध्यानात घेतल्यास दुपारी, पूर्ण भारानिशी निघण्याचा मोह आपोआप ओसरावा.

अशा ठिकाणचे अपघात बहुधा इंजिन बंद पडून होत नाहीत. जमिनीलगत पंखांचा रोध कमी असल्यामुळे विमान उचलले जाते, वैमानिकाला हायसे वाटते, आणि काही फुटांवर गेल्यावर ते चढेनासे होते; मग घाबरून नाक वर ओढले की उरलासुरला वेगही जातो. विरळ हवेमुळे वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसतो, प्रत्यक्षात मात्र विमान बरेच अधिक वेगाने धावत असते, म्हणून धावही लांबते.

जुहूसारख्या समुद्रकाठी शिकलेल्यांना इंधन-मिश्रण पातळ करून (म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी करून) उड्डाण करणे विचित्र वाटते, पण टर्बो (हवा दाबून आत भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाला उंचावर ते आवश्यकच असते. पहाटे निघा, इंधन मोजके घ्या, आणि निम्मी धावपट्टी संपेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर तिथेच थांबा.