वाचकांचे प्रश्न : अनुभव आणि शोध

या महिन्यात सोलापूर शहरातून आणि जवळपासच्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. लेखकाचे जगणे त्याच्या कथेत किती आणि कसे उतरते, आणि जे तो जगलेला नाही ते शोधून लिहिता येते का, असा तो विषय आहे. म्हणून ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पूर्व भागात राहतो. आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात चार यंत्रमाग आहेत. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शिक्षण मराठीत झाले आणि लिहितोही मराठीत. ‘अनुभवातून लिहा’ असे सगळेच सांगतात. पण माझा अनुभव म्हणजे मागाची खडखड, कांड्या बदलणे, तुटलेला धागा जोडणे आणि संध्याकाळी किती चादरी उतरल्या ते मोजणे. यात कथा कुठे आहे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. अनुभव नाही असे सांगता सांगता तुम्ही तीन कामांची नावे अचूक दिली आहेत. बाहेरच्या माणसाने ‘कापड विणणे’ या दोन शब्दांत हे सारे संपवले असते. अनुभव तुमच्याकडे भरपूर आहे, पण तो इतका जवळचा आहे की त्याला अजून प्रश्न विचारावेत असे तुम्हाला वाटलेले नाही. याविषयी मी माझ्याच घरातली गोष्ट सांगते, कारण मला हे फार उशिरा समजले.

माझे वडील एका कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. ते घरात नेहमी मोठ्याने बोलत. पाणी मागायचे असले तरी ओरडून मागत, आणि जेवायला बसताना भिंतीला पाठ लावून, सगळ्यांची तोंडे दिसतील अशाच जागी बसत. कोणी बोलायला लागले की त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत. वडील सतत रागावलेले असतात आणि आमच्यावर त्यांचा विश्वास नाही, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. तिशीत असताना त्याच समजुतीवर मी एक कथा लिहिली. ती छापूनही आली. तिच्यातला बाप संतापी आणि संशयी होता.

वडील गेल्यानंतर काही वर्षांनी दुसऱ्या एका कथेसाठी मी गिरणीतून निवृत्त झालेल्या पाच-सहा कामगारांना भेटले. मला फक्त पाळ्यांच्या वेळा आणि कामाचे शब्द हवे होते. पण त्या बैठकीत बसल्यावर काही मिनिटांतच मला दिसले की ते सगळेच मोठ्याने बोलत होते, आणि सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. मी विचारले, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वयस्क गृहस्थांनी सांगितले, ‘‘बाई, खात्यात आवाज कुठला ऐकू येणार? आम्ही ओठ वाचायचो. नंतर तीच सवय लागली.’’ मग मी कानाच्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यातल्या आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरलेली आहे आणि धोट्याच्या मागांची ओळ एकदम सुरू असली की आवाज ती मर्यादा सहज ओलांडतो. वर्षानुवर्षे असा आवाज सोसलेल्या कानांतून आधी बारीक, उंच स्वर जातात. स, श, फ यांसारखे वर्ण आणि बायका-मुलांचे आवाज अशा माणसाला नीट ऐकू येत नाहीत, दारावरची थाप मात्र ऐकू येते. त्यामुळे आपल्याला कमी ऐकू येते हे त्याला स्वतःलाही पुष्कळदा कळत नाही.

माझ्या नावाचे पहिले अक्षर ‘स’ आहे. मी मागून हाक मारली की वडील वळत नसत, आणि ते मुद्दाम वळत नाहीत असे मी धरून चालले होते.

ती कथा मी पुन्हा लिहिली. तिच्यात डेसिबल नाही, डॉक्टर नाही, कामगारांच्या प्रकृतीविषयीचे भाष्यही नाही. बाप जेवायला बसण्यापूर्वी पाट उचलून भिंतीशी नेतो, मुलगी काही सांगायला लागली की हातातला घास तसाच धरून तिच्या ओठांकडे पाहतो, एवढाच बदल केला. पण आता तो का पाहतो हे मला माहीत होते आणि त्या माहितीने कथेचा सगळा तोल बदलला. आठवणीने मला पाट, भिंत आणि घास दिला होता. त्यांचा अर्थ मी चुकीचा लावला होता, आणि तो चौकशीने सुधारला. नुसत्या चौकशीवर मी बसले असते तर बहिरेपणावर एक बरा लेख झाला असता. नुसत्या आठवणीवर जे झाले ते छापून आलेलेच आहे आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

म्हणून तुमच्या शेडकडे परक्याच्या नजरेने पाहा असे मी सांगणार नाही. ती नजर उसनी आणता येत नाही. तुम्ही गृहीत धरलेल्या गोष्टींची कारणे शोधा. रात्री वीज गेली आणि माग एकदम थांबले तर घरात कोण जागे होते? रंगीत सुतामुळे कोणाच्या बोटांचा रंग कधीच जात नाही? जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उतरवणारी भोकांची कार्डे ओवणारा कारागीर नक्षी डोळ्यांनी पाहतो की भोके मोजून ओळखतो? तुमचे आजोबा किंवा पणजोबा तेलंगणातून इथे कोणत्या वर्षी आले, आणि त्या वर्षी तिकडे काय झाले होते? शेवटच्या प्रश्नासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे आणि मग ग्रंथालयात, अशा दोन्हीकडे जावे लागेल. दोन्हीकडची उत्तरे जुळली नाहीत तर निराश होऊ नका, कारण कथा बहुधा त्या न जुळणाऱ्या जागीच असते.

भाषेविषयी तुम्ही अर्धेच वाक्य लिहिले आहे, पण मला त्यात संकोच जाणवला. तो सोडा. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ मध्ये याच गिरण्यांच्या शहरात झाला. वनखात्याच्या नोकरीने त्यांना रानात नेले आणि तिथे साडेतीन दशके काढताना त्यांनी रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांच्या सवयींची नावे गोळा केली. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी तो घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार हे शब्द मराठीला त्यांनी दिले. २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ग्रंथालयातल्या मराठीत जे नव्हते ते त्यांना कामाच्या जागी सापडले. तुमच्या शेडमध्येही असे शब्द आहेत. काही तेलुगू आहेत, काही कानडी आणि दखनी वळणाचे आहेत, तर काही इंग्रजीतून येऊन मोडलेले आहेत. ते गाळून कथा ‘शुद्ध’ करू नका.

प्रश्न : १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर कादंबरी लिहिण्याचा माझा संकल्प आहे. तीन वर्षे वाचन केले, सात वह्या भरल्या. परंतु लिहायला बसलो की प्रत्येक पान इतिहासाच्या पुस्तकासारखे होते. पात्रे बोलायला लागली की तारखा बोलतात. अजून वाचन कमी पडते आहे का? (एक निवृत्त शिक्षक, पंढरपूर)

उत्तर : सर, वाचन कमी पडलेले नाही, उलट ते एकाच बाजूला जास्त झाले आहे. पत्रासोबत पाठवलेली तुमच्या वहीची चार पाने मी दोनदा वाचली. त्यांत जे आहे ते सगळे सरकारला, पुढाऱ्यांना आणि न्यायालयाला माहीत असलेले आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. हे खरे आहे आणि आवश्यकही आहे. पण तुमचे मुख्य पात्र साखर पेठेतला किराणा दुकानदार आहे. त्याला यातले काय माहीत होते, केव्हा माहीत झाले, आणि काय चुकीचे माहीत होते?

उदाहरण म्हणून एकच गोष्ट घेऊ. त्या दिवसांत गांधी टोपी घालणे हा गुन्हा ठरवला गेला होता, असे तुम्ही एका ओळीत नोंदवून पुढे गेला आहात. मी तिथेच थांबले असते. दुकानदार वर्षभर रोज डोक्यावर टोपी घालून गल्ल्यावर बसतो. हुकूम निघाल्यावर पहिल्या सकाळी ती टोपी कुठे जाते? पेटीत, तांदळाच्या पोत्यात की चुलीत? बोडक्या डोक्याने दुकानात बसणे त्या काळी सुतकाची खूण मानली जाई. मग गिऱ्हाइकाने ‘घरी कोण गेले?’ असे विचारले तर तो काय सांगेल? बायको जुने पागोटे काढून देईल का, आणि ते त्याला बांधता येईल का? या एका टोपीसाठी तुम्हाला आणखी वाचन करावे लागेल, पण ते वेगळे असेल. त्या काळचे फोटो पाहावे लागतील, जुन्या दुकानांच्या चोपड्या मिळाल्या तर चाळाव्या लागतील, आणि आजोबांकडून ऐकलेले सांगणाऱ्या नातवांना गाठावे लागेल. त्या सांगण्यात चुका असतील. त्या चुकांचीही नोंद ठेवा, कारण एखाद्या घरात ९० वर्षे टिकलेली चूक त्या घराला काय हवे होते ते सांगते.

आणखी एक गोष्ट तुमच्या वहीत आहे, पण तुमच्या नजरेतून सुटली असावी. वर दिलेली चार नावे एका श्वासात मोठ्याने वाचून पाहा. सोलापूरच्या कोणत्याही पेठेत आजही कानावर पडणारे कानडी, दखनी, मराठी आणि मारवाडी बोल त्या नावांमागे ऐकू येतात. तुमच्या कादंबरीत मात्र सगळी पात्रे एकाच, पुस्तकी मराठीत बोलतात. तुम्ही पंढरपुरात राहता आणि पस्तीस वर्षे जिल्हाभरच्या मुलांना शिकवले आहे. वर्गात किती प्रकारची मराठी ऐकली असेल! तो तुमचा स्वतःचा अनुभव आहे आणि सातही वह्यांत तो कुठे आलेला नाही. वह्या काही दिवस कपाटात बंद ठेवा आणि दुकानाच्या पायरीवरचा एक प्रसंग केवळ कानाच्या आठवणीवर लिहा. तारखा नंतर तपासता येतील.

प्रश्न : माझी मावशी ४० वर्षे बिड्या वळते आहे. तिच्याकडून ऐकून मी एक कथा लिहिली आणि तिला वाचून दाखवली. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईकडून कळले की तिला वाईट वाटले. मी तिचा अपमान केला का? (एक वाचक, कुंभारी)

उत्तर : तुमची कथा मी काळजीपूर्वक वाचली. अपमान करावा असे तुमच्या मनात नव्हते हे प्रत्येक ओळीतून दिसते. तरीही मावशींना काय लागले असावे याचा मला अंदाज आहे. कथेत तुम्ही त्यांची वाकलेली पाठ, खोकला, पिवळी बोटे आणि हजारामागे मिळणारी अपुरी मजुरी हे सारे मनापासून लिहिले आहे. पण मावशी त्या कामात किती तरबेज आहेत ते कुठेच आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी हीच चूक माझ्याही हातून झाली होती. बिडी वळणाऱ्या एका बाईंवर लिहिताना मी त्यांना मैत्रिणींशी गप्पा मारत, मन कुठेतरी हरवल्यासारखे हात चालवताना दाखवले होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि मला शेजारी बसवले. आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवलेली तेंदूची पाने त्यांनी पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापली, सूप मांडीवर घेतले, पानावर तंबाखूची चिमूट पसरली, वळली, तोंड दुमडले, दोरा गुंडाळला, आणि हे सगळे मला अर्धे दिसेपर्यंत दुसरी बिडी सुरू झाली होती. माझ्याशी मराठीत बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि २५ बिड्यांची जुडी बाजूला ठेवली. तुम्ही मोजता केव्हा, असे मी विचारले. ‘‘आत चालू असतं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेलुगूत.’’ तोंडाने मराठी, मनात तेलुगूतली मोजणी आणि हातात तिसरेच काम. ज्याला मी हरवलेले मन समजले होते ते तीन ठिकाणी जागे होते. कारखान्यात तपासणीला त्यांच्या मालात छाट, म्हणजे नापास बिड्या, निघत नसे, आणि हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

तुमच्या मावशींकडेही असे काहीतरी असणार. ते विचारायला जाताना वही नेऊ नका, सूप मागा आणि वळून पाहा. तुमची बिडी उसवेल, मावशी हसतील आणि मग बोलतील. त्यानंतर कथा बदलावीशी वाटली तर बदला आणि छापायला देण्यापूर्वी पुन्हा वाचून दाखवा. एखादा प्रसंग त्यांनी नको म्हटला तर तो काढा, मग तो कितीही चांगला साधलेला असो. याबाबत माझे मत ठाम आहे. कल्पित नाव दिले की जबाबदारी संपते असे काही लेखक मानतात. पण गल्लीत प्रत्येकाला माहीत असते की ही कोणाची मावशी आहे.

प्रश्न : गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेवर कथा लिहायची आहे. यात्रा लहानपणापासून दरवर्षी पाहतो. तरी पुन्हा जाऊन टिपणे काढावीत का? (एक वाचक, बाळीवेस)

उत्तर : जावे, पण यात्रेच्या दिवशी गेलात तर तुम्हाला जे नेहमी दिसते तेच दिसेल. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, पेलणाऱ्यांचा सराव यात्रेच्या कितीतरी दिवस आधी सुरू होतो. तिथे गर्दी नसते, अंगावर यात्रेचे पांढरे कपडे नसतात आणि काठीचा तोल कोणाच्या कमरेवर कसा येतो ते जवळून पाहता येते. तिथे जा. आणि यात्रा उठल्यानंतर, होम मैदानावरचे पाळणे उतरवले जातात त्या सकाळीही एकदा जाऊन या.