बॅकवॉटरवरची जेट्टी: परवानगी नेमकी कोणाची?

प्रश्न: आमचे गाव पुणे जिल्ह्यात एका धरणाच्या बॅकवॉटरला लागून आहे. अलीकडे बाहेरच्या व्यावसायिकांनी काठावर तंबू उभारले, पाण्यात प्लॅस्टिकच्या पोकळ ठोकळ्यांची तरंगती जेट्टी जोडली आणि पर्यटकांसाठी मोटारबोटी सुरू केल्या. विचारणा केली की ते ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुढे करतात. हा दाखला पुरेसा आहे का? बोटींच्या पंख्यांत आमच्या मच्छीमारांची जाळी सापडून फाटतात, त्याची दाद कोठे मागावी?
— एक वाचक, जि. पुणे

उत्तर: हा दाखला पुरेसा नाही. ना हरकत दाखल्याचा अर्थ एवढाच की ग्रामपंचायतीची स्वतःची हरकत नाही. जी जागा पंचायतीच्या मालकीची नाही, तिच्या वापराचा हक्क त्यातून कोणालाही मिळत नाही. मोठ्या धरणाचे पाणी आणि बुडितासाठी संपादित केलेली जमीन जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर जी गाळपेर जमीन उघडी पडते, तीही याच विभागाची. ती हंगामापुरती पिकासाठी भाडेपट्ट्याने दिली जाते, तंबू ठोकण्यासाठी किंवा जेट्टीचे दोर बांधण्यासाठी नव्हे. म्हणून जेट्टीबाबतचा पहिला अर्ज संबंधित कार्यकारी अभियंत्याकडे करावा आणि तिला लेखी परवानगी आहे का, असल्यास कोणत्या अटींवर, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. उत्तर देण्यासाठी कायद्याने तीस दिवसांची मुदत घातली आहे. धरण मोठे नसून शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारा लहान तलाव असेल, तर तो बहुधा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो आणि अर्ज तिकडे जातो.

बोटीचा प्रश्न जेट्टीपेक्षा वेगळा आहे आणि माझ्या मते अधिक तातडीचा आहे. 1917 चा जुना कायदा रद्द करून संसदेने 2021 मध्ये अंतर्देशीय जलयान अधिनियम केला. तो केवळ नद्यांना नव्हे, तर तलाव आणि नौकानयनायोग्य इतर पाण्यालाही लागू होतो. त्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणीचे म्हणजे सर्व्हेचे प्रमाणपत्र, चालकाचे पात्रता प्रमाणपत्र आणि विमा या गोष्टी आवश्यक आहेत. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. नावात सागर असल्यामुळे हे मंडळ फक्त कोकण किनाऱ्यापुरते आहे, असा समज घाटावर अनेक ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे. बोटीत किती माणसे बसवायची हे बोटमालकाच्या अंदाजावर नव्हे, तर या तपासणीवर ठरते. तुमच्या गावातील प्रत्येक बोटीच्या प्रमाणपत्राची प्रत ग्रामपंचायत कार्यालयात आहे का, हे कृपया याच आठवड्यात पाहावे.

हा आग्रह कागदपत्रांच्या हौसेपोटी नाही. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात इंदापूर तालुक्यातील कळाशी आणि करमाळा तालुक्यातील कुगाव यांच्या दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. तेथील गावकऱ्यांसाठी बोट म्हणजे करमणूक नव्हती. दोन तीरांमधील तो रोजचा रस्ता होता. त्याच वर्षी 18 जानेवारीला वडोदऱ्यातील हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची बोट बुडून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सर्वांना लाइफ जॅकेट दिलेले नव्हते. तो तलाव महानगरपालिकेच्या अखत्यारीतील होता आणि नौकाविहाराचे काम रीतसर कंत्राटाने दिलेले होते. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा त्या कंत्राटाचीच छाननी झाली. म्हणजे कंत्राट दिले किंवा दाखला दिला की स्थानिक संस्थेची जबाबदारी संपते, ही समजूत किती महाग पडते, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

मग ग्रामपंचायतीच्या हाती काहीच नाही का? आहे, आणि ते बहुतेक पंचायती वापरत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांमध्ये रस्ते आणि पूल यांच्याबरोबर नावा व जलमार्ग यांचाही समावेश आहे. वर सांगितलेल्या 2021 च्या कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या होड्यांच्या नोंदीचे काम राज्याने स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत करावे, अशी तरतूद आहे. शिवाय ना हरकत दाखला बिनशर्त द्यावा, असे कोणीही सांगितलेले नाही. ग्रामसभेत ठराव करून जुन्या दाखल्याचा फेरविचार करता येईल आणि नव्या दाखल्यात सागरी मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत दिल्याशिवाय बोट चालवू नये, सूर्यास्तानंतर आणि वारा सुटल्यावर फेरी बंद ठेवावी, मच्छीमारांच्या होड्या लागतात त्या काठापासून जेट्टी ठरावीक अंतरावर असावी, अशा अटी लिहिता येतील.

जाळ्यांच्या नुकसानीबाबत सांगायचे, तर तुमच्या मच्छीमारांची सहकारी संस्था असेल आणि जलाशयातील मासेमारीचा ठेका तिच्याकडे असेल, तर तो ठेका हाच तुमचा सर्वांत भक्कम कागद आहे. त्याच्या आधारे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करावी आणि फाटलेल्या जाळ्यांचे पंचनामे करून ठेवावेत.

प्रश्न: माझे थोरले बंधू अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनेटोंका तलावाजवळ राहतात. तेथे स्वतःच्या घरासमोरचा लाकडी धक्का किती लांब असावा, याचेही नियम आहेत म्हणे. आपल्याकडे एका तलावासाठी एकच यंत्रणा का नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमच्या बंधूंनी सांगितले ते खरे आहे. त्या तलावाच्या काठी चौदा शहरे आहेत. प्रत्येकाने आपापले नियम केले तर पाण्यावर गोंधळ माजेल, हे ओळखून राज्याच्या विधिमंडळाने 1967 मध्ये तलावापुरते स्वतंत्र संवर्धन मंडळ स्थापन केले आणि प्रत्येक शहराचा एक प्रतिनिधी त्यावर घेतला. खासगी धक्का साधारणपणे शंभर फुटांपर्यंतच पाण्यात जाऊ शकतो आणि मालकाचा किनारा त्याहून कमी असेल, तर धक्क्याची लांबीही तेवढीच कमी ठेवावी लागते. या नियमामागे शेजाऱ्याचा विचार आहे: तलावाचा काठ एकाचा असला, तरी समोरचे पाणी सर्वांचे आहे.

आपल्याकडे एकाच जलाशयावर जमीन एका खात्याची, बोट दुसऱ्याची, मासे तिसऱ्याचे आणि कचरा मात्र ग्रामपंचायतीचा, अशी वाटणी आहे. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांनी काठालगतच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात कायमस्वरूपी बांधकामास मनाई केली, पण बोटींच्या जेट्टीला त्यातून सूट दिली आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय पाणथळ जागेच्या व्याख्येबाहेर ठेवले. त्यामुळे धरणकाठच्या गावांना या नियमांचा आधार फारसा मिळत नाही. पवई तलावाबाबत मात्र मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे 2022 रोजी महापालिकेचाच सायकल मार्ग बेकायदा ठरवला आणि भराव काढून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. तेथे देखरेख करणारी संस्था आणि बांधकाम करणारी संस्था एकच होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एका तलावासाठी एकच यंत्रणा नेमणारा कायदा आपल्याकडे होईपर्यंत एक मार्ग उपलब्ध आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि धोका दिसत असल्यास त्या भागातील वाहतूक रोखण्याचे किंवा नियंत्रित करण्याचे अधिकार या प्राधिकरणाला आहेत. एकाच जलाशयाच्या काठच्या सर्व ग्रामसभांनी सारख्याच अटींचे ठराव करून ते एकत्रितपणे जिल्हाधिकाऱ्यांना द्यावेत आणि जलसंपदा, सागरी मंडळ व मत्स्यव्यवसाय या तिन्ही खात्यांची संयुक्त बैठक वळवाच्या वाऱ्यांआधी, म्हणजे मार्चअखेरपर्यंत, बोलावण्याची मागणी करावी.