एक्सएफसीईमध्ये झाकण आणि पडदा यांवर हुकूम नेमका कोणाचा चालतो?

आपली अडचण अशी दिसते की, एक्सएफसीई या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या पॉवर मॅनेजरमध्ये (वीज वापराची सेटिंग्ज सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) झाकण मिटल्यावर केवळ पडदा बंद व्हावा असे ठरवूनही लॅपटॉप सस्पेंड होतो, म्हणजे काम थांबवून झोपी जातो, आणि पडदा काळा करण्याची वेळ ‘कधीच नाही’ ठेवूनही थोड्या वेळात तो काळा होतो; शिवाय अलीकडे बसवलेल्या टीएलपी या बॅटरी वाचवणाऱ्या प्रोग्राममुळे हे घडत असावे अशी आपल्याला शंका आहे. टीएलपीचा यात दोष नाही आणि आपलाही नाही. या दोन्ही गोष्टींवर एकाहून अधिक प्रोग्राम हक्क सांगतात, आणि पॉवर मॅनेजर हा त्या बारभाईंपैकी केवळ एक आहे.

आधी झाकणाचे पाहू. झाकण मिटल्याची वर्दी सिस्टिमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगिनडी या सेवेलाही मिळते आणि तिचा मूळ नियम सस्पेंड करण्याचा आहे. ‘हे काम माझे आहे, तू मध्ये पडू नकोस’ असा अडसर डेस्कटॉपने लावला, तरच ती गप्प राहते. मी स्वतः एकदा रात्री बॅकअप लावून, सेटिंगवर विश्वास ठेवून झाकण मिटले होते. सकाळी उघडले तेव्हा काम ३२ टक्क्यांवर थांबलेले होते. तेव्हा टर्मिनलमध्ये ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ ही आज्ञा ‘लिस्ट’ या पर्यायासह चालवली. त्या यादीत पॉवर मॅनेजरचे नाव पॉवरच्या बटणासमोर होते, पण ‘हँडल-लिड-स्विच’ या झाकणाच्या नोंदीसमोर नव्हते, म्हणजे झाकण त्याने ताब्यात घेतलेलेच नव्हते. आपणही हीच यादी आधी पाहावी.

तसेच असेल तर एक्सएफसीईचा सेटिंग्ज एडिटर उघडून पॉवर मॅनेजरच्या विभागातील ‘लॉगिनडी-हँडल-लिड-स्विच’ ही नोंद बंद करावी, लॉगआउट करून पुन्हा आत यावे आणि यादीत अडसर दिसतो का ते तपासावे. मात्र लॉगिनच्या पडद्यावर आपला पॉवर मॅनेजर चालू नसल्यामुळे तेथे लॉगिनडीचाच नियम लागू राहतो. तोही बदलायचा असेल, तर ‘लॉगिनडी डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘हँडल-लिड-स्विच’ ची किंमत ‘इग्नोर’ करून लॅपटॉप रीस्टार्ट करावा. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना लॉगिनडी मुळातच झाकणाकडे दुर्लक्ष करते, त्यामुळे ‘कधी झोपतो, कधी झोपत नाही’ असा अनुभव येतो आणि माणूस उगाच हार्डवेअरवर संशय घेतो.

पडद्याच्या बाबतीत दावेदार तीन आहेत: पॉवर मॅनेजर, एक्सएफसीईचा स्क्रीनसेव्हर आणि पडद्यावर चित्र दाखवणारा खुद्द एक्स सर्व्हर. कोणी काळा केला हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. खोलीतील दिवे मालवून पडद्याकडे पाहावे. साध्या एलसीडी पडद्यावर मागचा मंद उजेड जाणवत असेल, तर पडदा बंद झालेला नाही, त्यावर फक्त काळे चित्र आले आहे आणि संशय बहुधा स्क्रीनसेव्हरवर घ्यावा. त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये निष्क्रियतेची वेळ वेगळी असते. पडदा पूर्ण विझला असेल, तर ‘एक्ससेट’ ही आज्ञा ‘क्यू’ या पर्यायासह चालवावी. तिच्या उत्तरात स्क्रीनसेव्हर आणि डीपीएमएस (मॉनिटरची वीज वाचवण्याची सोय) असे दोन स्वतंत्र भाग असतात, आणि तेथे ६०० हा आकडा दिसला तर ती सेकंदांतील वेळ आहे, म्हणजे दहा मिनिटे. ही तपासणी एक्सवरच्या सत्रापुरतीच आहे, वेलँड या एक्सच्या नव्या पर्यायावर नाही.

राहिले टीएलपी. त्याचा झाकणाशी किंवा पडद्याशी संबंध नाही. परंतु पॉवर-प्रोफाइल्स-डीमन (पॅनेलवरून निवडलेला वीज वापराचा मोड लागू करणारी सेवा) हीदेखील चालू असेल, तर प्रोसेसरच्या धोरणांवर दोघांचा हक्क असल्यामुळे त्यांची टक्कर होऊ शकते. पॅनेलवरून मोड बदलण्याची सवय असल्यास मी टीएलपी काढून टाकेन.