बारा सर्व्हरचे लॉग, एकच टर्मिनल

प्रश्न : आमचे बारा लिनक्स सर्व्हर आहेत. काही बिघडलं की एकेकावर लॉगिन करून लॉग, म्हणजे सर्व्हरने केलेल्या नोंदी, वाचावे लागतात. टर्मिनलवरूनच सगळे एकत्र पाहता येतील का?

उत्तर : येतील, पण आधी घड्याळं तपासा. प्रत्येक सर्व्हरवर ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा चालवून वेळ एनटीपीशी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी व्यवस्था) जुळली आहे ना, ते पाहा. माझा यात अख्खा दिवस गेला होता. वेब सर्व्हरचं घड्याळ 40 सेकंद मागे होतं. खरं तर डेटाबेस आधी पडला होता, पण नोंदींत वेब सर्व्हर आधी कोलमडलेला दिसत होता आणि मी उलट्या टोकाने कारण शोधत बसलो.

आता काम सोपं आहे. एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी) प्रत्येक ठिकाणी ‘जर्नलसीटीएल’ ही लॉग दाखवणारी आज्ञा चालवा. ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) हा पर्याय जरूर द्या, टाइमझोनचा घोळ राहत नाही. ‘सिन्स’ (केव्हापासून) आणि ‘अन्टिल’ (केव्हापर्यंत) वापरून बिघाडाच्या आसपासची दहा मिनिटंच मागवा; सगळा लॉग ओढू नका. प्रत्येकाचे लॉग फाइलीत साठवा आणि त्या बारा फाइली ‘एलनॅव्ह’ या टर्मिनलवरच्या लॉग-वाचकात एकदम उघडा. तो सगळ्या नोंदी वेळेच्या क्रमाने एकत्र गुंफतो. मला याहून उपयोगी साधन अजून सापडलेलं नाही.

यासाठी रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याची, गरज नसते. आपलं खातं ‘सिस्टमडी-जर्नल’ गटात घातलं की पुरे.

चालू नोंदी पाहायला टीमक्सच्या (एका टर्मिनलचे अनेक भाग करणारं साधन) चौकटी बऱ्या. मात्र त्यातलं ‘सिंक्रोनाइझ-पेन्स’ (टाइप केलेलं सगळ्या चौकटींत एकदम पाठवणारी सोय) काम झाल्याबरोबर बंद करा, नाहीतर एका सर्व्हरसाठीची रीस्टार्टची आज्ञा बाराही ठिकाणी जाईल.