वाचकांचे प्रश्न : माउंट वॉशिंग्टनचा वारा आणि परतीची वेळ

प्रश्न : आम्ही चांदूर बाजार तालुक्यातील संत्रा उत्पादक शेतकरी आहोत. माझा मुलगा बोस्टन येथे शिकत असून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो तीन मित्रांसह न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन हा पर्वत पायी चढणार आहे. तेथील हवामान जीवघेणे असल्याचे त्याच्या आईच्या वाचनात आले आणि तेव्हापासून तिला झोप नाही. मुलाचे म्हणणे असे की, पर्वताची उंची अवघी १९१७ मीटर, म्हणजे कळसूबाईहून २७१ मीटरच जास्त आहे आणि पचमढीच्या नागद्वार यात्रेत भर पावसात चालण्याची त्याला लहानपणापासून सवय आहे. आम्ही त्याला अडवावे काय?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : अडवू नये, असे माझे मत आहे, परंतु आपल्या पत्नीची काळजी रास्त आहे आणि चिरंजीवांचा हिशेब चुकीचा आहे, हेही त्यांना स्पष्टपणे कळवावे. त्यांनी उंची उंचीशी ताडून पाहिली. वास्तविक, या पर्वतावर माणूस उंचीमुळे दगावत नाही, तर वारा, ओल आणि धुके एकत्र आल्यामुळे दगावतो.

कळसूबाई विषुववृत्तापासून साडेएकोणीस अंशांवर आहे, तर माउंट वॉशिंग्टन चव्वेचाळीस अंशांवर. त्यामुळे तेथे सुमारे चौदाशे मीटरच्या आसपासच उंच झाडे संपतात आणि पुढची सारी वाट उघड्या खडकांतून जाते. आपल्या चिखलदऱ्याजवळचे वैराट बाराशे मीटरच्या आत आहे आणि तेथून उतरू लागताच सागवानाचा आडोसा मिळतो. त्या पर्वताच्या वरच्या भागात वाऱ्याला अडवणारे काहीच नाही. माथ्यावर आजवर नोंदले गेलेले सर्वांत जास्त तापमानही २२ अंश सेल्सिअसच आहे. ऑक्टोबरमध्ये बोस्टनला साधा स्वेटर पुरतो, तेव्हा माथ्यावरचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास असते आणि बर्फही पडू लागलेला असतो.

वाऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुख्य धोका तोच आहे. या भागावरून जाणाऱ्या वादळांच्या अनेक वाटा, काही पश्चिमेकडून, काही दक्षिणेकडून आणि काही अटलांटिकच्या किनाऱ्याने येणाऱ्या, एकमेकींजवळ येतात. शिवाय ही पर्वतरांग साधारण उत्तर-दक्षिण पसरलेली असल्याने पश्चिमेचा वारा तिला आडवा येऊन धडकतो. पर्वताचा माथा आणि त्यावरचा हवेचा स्थिर थर यांच्यामधल्या अरुंद जागेतून त्या वाऱ्याला निघावे लागते. बागेत ओलित करताना पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी जोराने उसळते. वाऱ्याचे तेथे तसेच होते. १२ एप्रिल १९३४ रोजी माथ्यावरील वेधशाळेच्या कर्मचाऱ्यांनी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा झोत मोजला आणि ऑस्ट्रेलियातील बॅरो बेटावर १९९६ च्या चक्रीवादळात ताशी ४०८ किलोमीटरची नोंद होईपर्यंत तो जगातील विक्रम होता. विक्रमाचे सोडून दिले तरी, ताशी ११९ किलोमीटरहून जोरदार झोत तेथे वर्षातून सरासरी ११० दिवस येतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे गोठ्यावरचे टिनपत्रे उडवणारे वादळ घटका-दोन घटकांत ओसरते. तेथे दिवसभर तसाच वारा अंगावर घेत धोंड्यांवरून तोल सांभाळत उतरावे लागू शकते.

नागद्वारची सवय निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही, कारण ओल्या दगडांवर पाय कसा टाकावा हे ती यात्रा उत्तम शिकवते. परंतु श्रावणातली ती वाट झाडीतून जाते आणि ठिकठिकाणी आपल्याच जिल्ह्यांतली मंडळे चहा-जेवण घेऊन बसलेली असतात. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर मोटाररस्ता जातो आणि १८६९ पासून दातेरी रुळांची रेल्वेही जाते, म्हणून अनेकांना वाटते की, वर पोचलो की गाडीने उतरता येईल. हवामान बिघडले की दोन्ही सेवा बंद होऊ शकतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर चढू नये.

या पर्वतावर आणि त्याच्या रांगेत आजवर दीडशेहून अधिक माणसे दगावली आहेत. सप्टेंबर १८५५ मध्ये लिझी बोर्न ही तेवीस वर्षांची तरुणी काका आणि चुलत बहिणीसह दुपारी उशिरा चढू लागली. वाटेत वारा, धुके आणि अंधार यांनी त्यांना गाठले आणि रात्री ती गारठून मरण पावली. सकाळी उजाडल्यावर दिसले की, माथ्यावरची निवाऱ्याची इमारत तेथून अगदी थोड्या अंतरावर होती. ३० जून १९०० रोजी, म्हणजे तेथील ऐन उन्हाळ्यात, विल्यम कर्टिस आणि ॲलन ऑर्म्सबी हे दोन अनुभवी गिर्यारोहक बर्फाळ वादळात सापडून दगावले. ही उदाहरणे मी आपल्या पत्नीला घाबरवण्यासाठी देत नाही. हवा बिघडल्यावरही पुढे जात राहणे हाच दोन्ही प्रसंगांतला धागा आहे आणि तो टाळणे पूर्णपणे माणसाच्या हाती आहे.

म्हणून मुलाला ‘जाऊ नकोस’ असे न सांगता ‘कुठून आणि किती वाजता परतणार आहेस?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. पायथ्याच्या पिंकहॅम नॉच या खिंडीतून निघणारी टकरमन घळीची प्रचलित वाट एका बाजूने ६.७ किलोमीटरची असून तिच्यावर जवळजवळ १३०० मीटर चढावे लागते. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पहाटे निघावे आणि दुपारी एक वाजता जेथे असतील तेथून, माथा समोर दिसत असला तरी, मागे वळावे. वेधशाळा उंच शिखरांसाठी दररोज स्वतंत्र अंदाज देते. तो निघण्यापूर्वी वाचावा आणि त्यात जोराचा वारा किंवा पाऊस असेल तर तो दिवस सोडून द्यावा. झाडांची हद्द संपते तेथे वनखात्याने पिवळी पाटी लावली आहे. पुढचे हवामान अमेरिकेतील सर्वांत वाईट असून उन्हाळ्यातही तेथे अनेक जण गारठून मेले आहेत, हवा खराब असेल तर येथूनच परता, असे तीवर लिहिले आहे. त्या पाटीजवळ चौघांनी थांबून प्रत्येकाला विचारावे आणि एकानेही ‘नको’ म्हटले तर चौघांनी उतरावे.

कपड्यांबाबत, वऱ्हाडात राहून कापसाला नावे ठेवणे जिवावर येते, पण या चढाईत सुती बनियन आणि जीन्स नकोतच, कारण भिजलेला कापूस अंगाची ऊब ओढून घेतो. आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे, वर पाणी आणि वारा अडवणारे जाकीट, टोपी, हातमोजे, तसेच प्रत्येकाकडे स्वतःची डोक्याला बांधायची बॅटरी असावी. पायवाट आणि परतीची वेळ सोबत न जाणाऱ्या एखाद्या मित्राला कळवून ठेवावी.

प्रश्न : मी धारणी तालुक्यात आशा सेविका आहे. उष्माघात आम्हाला चांगला ठाऊक आहे. परंतु पारा आठ-दहा अंशांवर असताना माणूस थंडीने कसा मरू शकतो? असा रुग्ण आढळल्यास काय करावे?
— एक वाचक, मेळघाट

उत्तर : उष्माघातात शरीर आतली उष्णता बाहेर टाकू शकत नाही, तर गारठल्यावर ती टिकवू शकत नाही. कोरड्या हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने काढून घेते. त्यामुळे भिजलेला, उपाशी आणि वाऱ्यात सापडलेला माणूस दहा अंशांतही गारठतो. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की बोलणे अडखळते, बोटांना गुंडी लावता येत नाही, पाय अडखळतात आणि विचार भरकटतात. अनेक वर्षांपूर्वी नागद्वारहून परतताना आमचा एक सोबती ओल्या धोतरात रात्रभर चालला होता. तो विचारलेल्या प्रश्नांची भलतीच उत्तरे देऊ लागला, तेव्हा आम्ही त्याला थकवा समजलो आणि तासभर तसेच चालत राहिलो. तो वाचला, पण तो तास मला अजून बोचतो.

हुडहुडी भरणे ही त्यामानाने बरी खूण आहे. माणूस गारठलेलाच असताना ती थांबली तर प्रकृती ढासळत आहे, असे समजावे. काही रुग्ण अशा अवस्थेत उकडते म्हणून अंगावरचे कपडे काढू लागतात. तो भ्रम असतो. रुग्णाला आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, अंगाखाली गवत किंवा घोंगडी घालावी, कोरड्या पांघरुणात गुंडाळून वरून ताडपत्री लपेटावी आणि ऊब हातापायांना न देता छाती व बगलांना द्यावी. हातपाय चोळू नयेत आणि दारू मुळीच देऊ नये, कारण दारूने कातडीकडे रक्त धावते आणि आतली ऊब आणखी कमी होते. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गोड, कोमट पेय द्यावे. बेशुद्ध रुग्णाला आडवे ठेवून, धक्का न लावता न्यावे. त्याची नाडी फार मंद असते, म्हणून ती पूर्ण एक मिनिट तपासावी. ती लागली नाही आणि श्वासही नसेल, तर प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने छातीदाब सुरू करावा आणि रुग्णाला मृत न समजता ऊब देतच प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवावे.