चीनमधला बदल पाहायचा असेल तर प्रवासाचा मार्ग थोडा बदलावा

आपला प्रश्न असा आहे की, बीजिंग, शिआन आणि शांघाय अशी बारा दिवसांची सहल ठरली असताना चिनी समाज गेल्या चार दशकांत इतक्या वेगाने कसा बदलला हे त्यातून कळेल का, की उंच इमारती आणि वेगवान गाड्या पाहूनच परतावे लागेल. व्यवसायानिमित्त माझे चीनमध्ये बरीच वर्षे जाणे-येणे राहिले आहे. त्यावरून बनलेले माझे मत सांगतो. या तीन शहरांत चीनची समृद्धी भरपूर दिसते, परंतु ती उभी करणारी माणसे कोठून आली आणि त्या समृद्धीत त्यांना किती वाटा मिळाला, हे तेथे सहजी उलगडत नाही. म्हणून शिआन व शांघायचा प्रत्येकी एक दिवस कमी करून शेनझेन आणि शक्य झाल्यास आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढे एखादे ठिकाण मार्गात घ्यावे, असे मी सुचवीन.

शेनझेन हाँगकाँगच्या सीमेला लागून आहे. १९८० मध्ये तेथे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले, आणि २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास होती. सहल कंपन्या लिएनह्वा टेकडीवरचा, आर्थिक सुधारणा सुरू करणारे नेते डेंग शियाओपिंग यांचा पुतळा दाखवतात. तो जरूर पाहावा, पण संध्याकाळ शहराने वेढलेल्या एखाद्या जुन्या गावात घालवावी. शहर वाढताना सरकारने शेतजमिनी घेतल्या, मात्र गावठाणाची जागा गावकऱ्यांच्या हाती राहिली. त्यांनी तेथे सहा-सात मजली इमारती इतक्या खेटून बांधल्या की समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावा, आणि त्यांतल्या खोल्या कारखान्यांत, उपाहारगृहांत व दुकानांत राबणाऱ्या परप्रांतीयांना भाड्याने दिल्या. या वस्त्या आता एकामागून एक पाडल्या जात आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठ्यांत गणल्या गेलेल्या बाईशिझोऊचे पाडकाम २०१९ च्या सुमारास सुरू झाले. मोबदल्यामुळे मूळ गावकरी श्रीमंत होतात आणि भाडेकरू शहराच्या आणखी बाहेर सरकतात.

हे भाडेकरू शहरात राहतात, पण कागदोपत्री बहुधा शहराचे नसतात. १९५८ पासून चालत आलेल्या ‘हुकोऊ’ या कुटुंब-नोंदणी पद्धतीनुसार प्रत्येकाची नोंद एका ठरावीक ठिकाणी असते, आणि सरकारी शाळा, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन यांसारखे पुष्कळसे हक्क त्या ठिकाणाशी बांधलेले असतात. आज शेती सोडून इतर कामाला लागलेल्या ग्रामीण नोंदणीच्या लोकांची सरकारी संख्या तीस कोटींच्या घरात आहे. वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाच्या सणात, यांतले परगावी गेलेले कोट्यवधी जण एकाच सुमारास घरी निघतात, तेव्हा आपल्याला गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की चाकरमान्याच्या मुलाला मुंबईच्या पालिका शाळेत शिकण्यास गावची नोंद कधी आड आली नाही. चीनमध्ये मात्र मोठ्या शहरात वाढलेल्या अनेक मुलांना महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा मूळ प्रांतात जाऊन द्यावी लागते, आणि म्हणूनच कित्येक आईबाप मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून येतात. लहान व मध्यम शहरांनी अलीकडे नोंदणीच्या अटी बऱ्याच सैल केल्या आहेत, पण बीजिंग-शांघायची दारे अजून अरुंदच आहेत.

तालुक्याच्या गावाचा आग्रह मी यासाठीच धरतो. तेथे पोहोचल्यावर लक्षात येते की रस्त्यावर वृद्ध आणि शाळकरी मुले अधिक आहेत, नवी घरे मजबूत आहेत आणि त्यांतली बरीच वर्षभर कुलूपबंद असतात. येता-जाता गाडीच्या खिडकीतून, विशेषतः अंधार पडल्यावर, गावाबाहेरच्या तीस-तीस मजली इमारती पाहाव्यात. त्यांतल्या काहींमध्ये एकही दिवा नसतो. बांधकाम व्यवसाय २०२१ पासून अडचणीत आल्यानंतर अनेक प्रकल्प अर्धवट राहिले, आणि ज्यांनी आयुष्यभराची बचत आगाऊ भरली होती त्यांची कोंडी झाली.

बीजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटरचे अंतर वेगवान गाडी साडेचार तासांच्या आसपास तोडते. हा अनुभव घ्यावाच. पण त्या डब्यात प्रत्येक जण फोनमध्ये बुडालेला असतो. जुन्या हिरव्या रंगाच्या संथ गाड्या अजून काही मार्गांवर धावतात. सिचुआनच्या लियांगशान भागात तर यी या अल्पसंख्य समाजाचे शेतकरी कोंबड्या, डुकरे आणि भाजीच्या टोपल्या घेऊन अशा गाडीतून बाजाराला जातात, आणि भाडे मुद्दाम नाममात्र ठेवलेले आहे. तो भाग आपल्या वाटेवर नाही, तरी कोठेही दिवसाच्या दोन-तीन तासांसाठी संथ गाडी निवडलीत तर शेजारचा प्रवासी सूर्यफुलाच्या बिया पुढे करून स्वतःच आपली चौकशी सुरू करील. भाषांतराचे अ‍ॅप एवढ्यापुरते उत्तम चालते.

शांघायमध्ये शनिवार-रविवारी दुपारी पीपल्स पार्कमध्ये आईबाप मुलांची लग्ने जुळवण्यासाठी उघड्या छत्र्यांवर त्यांची माहिती चिकटवून बसलेले असतात: जन्मवर्ष, उंची, शिक्षण, नोकरी, घर. प्रवासी याची मौज वाटून छायाचित्रे काढतात, जे मला फारसे बरे वाटत नाही. त्यापेक्षा त्या पालकांच्या वयाचा हिशेब मनात मांडावा. १९५५ च्या सुमारास जन्मलेल्या माणसाने लहानपणी १९५९ ते १९६१ चा दुष्काळ पाहिला. माओच्या काळातील सांस्कृतिक क्रांतीच्या राजकीय उलथापालथीत त्याची शाळा बंद पडली आणि अनेकांप्रमाणे त्यालाही शेतावर पाठवले गेले असेल. मग सरकारी कारखान्यात जन्मभराची म्हणून मिळालेली नोकरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कदाचित गेली. त्याच सुमारास कारखान्याने दिलेले घर स्वस्तात नावावर झाले, आणि पुढे त्या घराच्या किमतीने त्याला असे धनवान केले जसे पगाराने कधी केले नसते. एक मूल धोरणामुळे अपत्य एकच, आणि ते लग्नाला तयार नाही. २०१६ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ७९ लाख बालके जन्मली, २०२३ मध्ये सुमारे ९० लाख. अवघ्या सात वर्षांतली ही घसरण कशातून आली असावी, याचा काही अंदाज त्या छत्र्यांपाशी येतो.

प्रवाशाला जे दिसत नाही तेही मोठे आहे. राजकीय प्रश्न अनोळखी माणसाला विचारू नयेत. आपण विमानाने परत येतो, उत्तर देणारा तेथेच राहतो. किंमत, भाडे, मुलांची शिकवणी, आईवडिलांचे आजारपण यांवर मात्र लोक मोकळेपणाने बोलतात, आणि त्यातून सरकारी धोरणाविषयीही पुष्कळ कळते.

बीजिंगहून एक दिवस काढता आला तर शीजियाझुआंगला जावे. रेल्वेमुळे खेड्याचे औद्योगिक शहर झालेले हे ठिकाण परदेशी पर्यटकांच्या यादीत सहसा नसते, आणि म्हणूनच तेथे सामान्य चिनी जीवन बरेच निर्वेध पाहता येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले, त्यांची समाधीही याच शहरातील हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे.

व्यवहाराचे म्हणाल तर अलिपे आणि वीचॅट या फोनवरून पैसे देण्याच्या दोन्ही अ‍ॅपमध्ये आपले कार्ड निघण्यापूर्वीच जोडून घ्यावे. गुगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तेथील जाळ्यावर चालत नाहीत. रेल्वेस मूळ पासपोर्टच तिकिटाचे काम करतो. लहान गावातील हॉटेल परदेशी पाहुण्यांची नोंद करते का, हे आधी विचारून घ्यावे. १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुटी आणि वसंतोत्सवाचे दिवस टाळावेत, कारण त्या काळात संथ गाडीचेच काय, वेगवान गाडीचेही तिकीट मिळणे कठीण असते.